तीन डोस झाले, तरी परत पॉझिटिव्ह: "लस घेऊन काय फायदा झाला?" याला वॉर्डात काय उत्तर द्यायचं?

वाघाडीकाठ | ९ जून २०२५, रात्री १०:४०

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी अधिपरिचारिका आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बातम्यांत परत कोविड सुरू झालाय, मुंबई-पुण्याचे आकडे रोज येताहेत, आणि आमच्याकडे दोघीजणी तापानं पडल्या. एकीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. तिला २०२० च्या सप्टेंबरात झाला होता, २०२२ च्या जानेवारीत झाला होता, आणि आता परत. कोविशिल्डचे दोन डोस झालेत, प्रिकॉशन म्हणजे तिसरा डोसही झालाय. संध्याकाळी आमचे कक्षसेवक मामा म्हणाले, "सिस्टर, मंग एवढी लस घेऊन काय फायदा झाला? आमाले तं त्या वक्ती सांगितलं होतं का आता काई होत नाई."

मामांचं म्हणणं खोटं नाही. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिला नंबर दवाखान्याच्या लोकांचा होता. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, एका कुपीत दहा डोस, आणि समोर माणसं चार-पाच. यादीतल्या एकाला बीपी, दुसरा म्हणे घरी विचारून येतो, तिसऱ्याचा फोनच बंद. त्या धावपळीत "एकदा टोचून घ्या, मग बिनघोर राहा" असं सगळीकडेच बोललं गेलं. आता साडेचार वर्षांनी माणसं त्याचा हिशेब मागताहेत, आणि तो त्यांना मिळायला हवा.

मला मामांना पटेल असं उत्तर हवंय, पण खोटा धीर देणारं नको. शिवाय एक गोष्ट मला खरंच कळत नाही. आमच्या काही लोकांना पुन्हापुन्हा होतो आणि काहींना "कधीच झाला नाही". हा प्रतिकारशक्तीचा फरक की टेस्ट न केल्याचा? डॉक्टर, लॅबवाले, आशाताई, गाडीवाले दादा, सगळ्यांनी लिहा. आपल्या दवाखान्याचं नाव मात्र टाकू नका.

---

खारपाणपट्टा | ९ जून, रात्री ११:५५

ताई, धागा चांगला काढलात. मी वैद्यकीय अधिकारी आहे, बुलडाणा-अकोल्याच्या सीमेवर.

मामांना आधी हे सांगा की तुमच्यासारख्याच लोकांवर याचा अभ्यास झालाय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आपल्याच कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली होती, २०२१ च्या फेब्रुवारीअखेरीपासून १९ मेपर्यंत, म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना. बहुतेकांना कोविशिल्डच दिलेली. दोन डोस झालेल्या ७,०८० जणांपैकी ६७९ जणांना लागण झाली. म्हणजे जवळजवळ दहातल्या एकाला झालीच. पण त्या ६७९ मधले भरती झाले ६४, ऑक्सिजन लागला चौघांना, आयसीयूत गेले दोघे, आणि मृत्यू एकही नाही. लस न घेतलेल्यांशी तुलना केली तर लागणीपासून संरक्षण ६५ टक्के, भरती होण्यापासून ७७, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ आणि आयसीयूपासून ९४ टक्के. हे चार आकडे एकाखाली एक लिहून ड्युटी रूममध्ये लावा. आजार जितका गंभीर, तितकी लस जास्त उपयोगी पडली.

कोव्हॅक्सिनबद्दलही सांगतो, नाहीतर अर्धंच चित्र दिसेल. दिल्लीच्या एम्समधल्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात त्याच दुसऱ्या लाटेत लक्षणं असलेल्या कोविडपासून संरक्षण साधारण ५० टक्के निघालं.

आता असं का होतं? दंडात टोचलेल्या लसीमुळे रक्तात अँटिबॉडी भरपूर तयार होतात, पण विषाणू शिरतो नाकातून. नाकाच्या अस्तरावर त्या अँटिबॉडी कमी पोचतात आणि काही महिन्यांत ओसरतातही. त्यामुळे विषाणू नाकाघशात शिरून दोन-चार दिवस वाढू शकतो. टिकते ती रोगप्रतिकारक पेशींना राहिलेली विषाणूची आठवण. विषाणू खाली फुप्फुसांत उतरेपर्यंत त्या पेशी कामाला लागलेल्या असतात. शेताची राखण करणाऱ्याला हे लगेच कळेल: रानडुक्कर धुरा ओलांडून आत येतं, पण मचाणावर माणूस जागा असला तर पीक साफ करू शकत नाही. मामांची शेती असेल तर असंच सांगा.

---

मेडशीकर | १० जून, सकाळी ७:१०

वाचतोय. माझी बायको प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स (एएनएम) आहे, तिला लिंक पाठवली.

---

सूक्ष्मदर्शी | १० जून, सकाळी ९:२५

मी लॅब टेक्निशियन, अमरावती विभागातला. "कधीच झाला नाही" यावर लिहितो, कारण ते वाक्य मी रोज ऐकतो.

२०२१ च्या जून-जुलैत आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) चौथा राष्ट्रीय सिरो सर्व्हे झाला, म्हणजे लोकांच्या रक्तात कोविडच्या अँटिबॉडी आहेत का ते पाहणारा. सर्वसाधारण लोकांत ६७.६ टक्के जणांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, आरोग्य कर्मचाऱ्यांत ८५.२ टक्के. त्यात लसीचा वाटा मोठा होता हे कबूल. पण त्याच्या आधीचा सर्व्हे डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ चा, म्हणजे दवाखान्यांत लस जेमतेम पोचत होती तेव्हाचा. तेव्हाच आरोग्य कर्मचाऱ्यांतल्या २५.७ टक्के लोकांत अँटिबॉडी होत्या. चौघांमागे एक. आता आपापल्या दवाखान्याचं रजिस्टर आठवा. तोपर्यंत चौघांमागे एक पॉझिटिव्ह नोंदला गेला होता का? आमच्याकडे तर नाही.

एक खंत इथेच नोंदवतो. त्या राष्ट्रीय सर्व्हेत महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते: बीड, नांदेड, परभणी, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. विदर्भातला एकही नव्हता. आणि दुसऱ्या लाटेची पहिली झळ कुणाला लागली? २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, यवतमाळ, अकोला इथे रुग्ण वाढायला लागले, २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत लॉकडाऊन लागला, तेव्हा बाकी देश कोरोना गेला म्हणून लग्नं लावत होता. पुढे ज्याला डेल्टा नाव पडलं त्या घराण्याचे विषाणू आपल्या भागातल्या नमुन्यांत तेव्हाच दिसत होते.

पुन्हा लागण मोजण्याचीही अडचण आहे. आयसीएमआरनं पुनर्संसर्गाची व्याख्या अशी केली होती: दोन पॉझिटिव्ह रिपोर्टमध्ये किमान १०२ दिवसांचं अंतर, आणि मध्ये एक निगेटिव्ह रिपोर्ट. त्या हिशेबानं १,३०० जणांची माहिती तपासली तेव्हा ५८ निघाले, म्हणजे ४.५ टक्के. आता ग्रामीण रुग्णालयात मधला निगेटिव्ह रिपोर्ट कोणाकडे असतो? बरं वाटलं की माणूस ड्युटीवर. आणि पहिली लागण अँटिजेन किटवर निगेटिव्ह आली असेल, तर कागदावर ती झालीच नाही. अँटिजेन टेस्ट विषाणू भरपूर असतानाच पकडते, पहिल्या दिवशीची किंवा आठवडा उलटून गेल्यावरची लागण सहज निसटते. आरटीपीसीआरचे नमुने डब्यात बर्फ घालून जिल्ह्याला जायचे आणि रिपोर्ट यायचा तोवर माणूस बरा झालेला असायचा. २०२२ च्या जानेवारीत, ओमिक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला तेव्हा, अर्ध्या लोकांनी "साधी सर्दी" म्हणून टेस्टच केली नाही. त्यामुळे "कधीच झाला नाही" हे मी "कधीच सापडला नाही" असं वाचतो.

---

ढाण्यावरची आशा | १० जून, दुपारी २:०५

मी मेळघाटातली आशा. मराठी जशी येते तशी लिहितो, समजून घ्या.

आमच्या ढाण्यावर, म्हंजे पाड्यावर, लसीचं नाव काढलं का लोकं शेतात पळून जायचे. सुई टोचली तं माणूस मरते, पोरं होत नाई, अशा गोष्टी फोनवर येऊन राहिल्या होत्या. मले पहिला डोस फेब्रुवारीत भेटला. रात्री ताप आला, अंग ठणकलं. तीन घरच्या बाया सकाळीच दारात आल्या, मी जिती हावो का मेली ते पाहाले. मी त्यांच्या समोर चुलीवर भाकर टाकली. त्याच्याइतकं कोणत्याच मिटिंगमधलं भाषण कामी आलं नाई. मंग आमच्या भूमकाबाबानं, म्हंजे गावच्या वैदूनं घेतली, तवा कुठं माणसं यायले लागले.

पण मले परत कोरोना झाला, बावीस सालात. तवा त्याच बाया म्हणे, "तू तं घेतली होती न?" मी त्याईले म्हटलं, पहिल्या खेपेले मी आठ दिवस खाटेवरून उठली नोती, या खेपेले तिसऱ्या दिवशी पाणी भराले गेली. तुमीच पाहा. त्या पाहूनच सांगतील, त्याईले टक्केवारी सांगून उपयोग नाई.

एक आणखी लिहितो, सिस्टरनं विचारलं म्हून. लस द्याची होती तवा आमी आरोग्य कर्मचारी होतो, यादीत पहिले. मोबदल्याच्या वक्ती आमी स्वयंसेविका. केंद्राचा कोविडचा भत्ता महिन्याले हजार रुपये होता. २०२१ च्या जूनमध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तवा कुठं वाढ कबूल झाली. घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरलो ते आमीच, अन मास्क पहिले दोन महिने लुगड्याच्या कापडाचा.

---

वाघाडीकाठ | १० जून, दुपारी ३:३०

आशाताई, तुमची भाकरीची गोष्ट मी उद्या सकाळच्या हँडओव्हरला सगळ्यांना सांगणार.

---

वणीचा गाडीवाला | १० जून, रात्री ९:१५

सिस्टर, मी रुग्णवाहिका चालवतो, कंत्राटी. इथं कोणी लिहीत नाही ते मी लिहितो.

माझी ड्युटी नाही झाली तर दिवस कापल्या जाते. ताप आला म्हणून सांगितलं तर ठेकेदार म्हणतो रिपोर्ट आण. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर सात दिवस घरी, सात दिवसांचे पैसे गेले, आणि माझ्या जागी दुसरा पोरगा लागला तर परत बोलावतील याची हमी नाही. मग कोण टेस्ट करते? क्रोसिन खाऊन स्टिअरिंगवर बसते माणूस. केबिन बंद, बाजूला सिस्टर किंवा नातेवाईक, पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता. २०२२ मध्ये माझ्या ओळखीच्या दोघांनी असंच केलं. त्यांना काही झालं नाही, पण गाडीत बसलेल्यांना काय झालं ते कोण पाहणार?

लस मी घेतली, दोन्ही. मला लसीबद्दल तक्रार नाही. पण डॉक्टरसाहेब, लस माझा जीव वाचवते म्हणता, माझ्यापासून पेशंटले वाचवते का?

---

खारपाणपट्टा | १० जून, रात्री १०:५०

दादा, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

सरळ उत्तर: थोडे दिवस वाचवते, कायमची नाही. इंग्लंडमध्ये सायरन नावाचा मोठा अभ्यास झाला, पस्तीस हजारांवर रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा. त्यांची दर दोन आठवड्यांनी पीसीआर व्हायची, लक्षणं असोत नसोत. म्हणून वर सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेली अडचण तिथे कमी होती. तिथली लस बहुतेक फायझरची, पण कल मामांना सांगण्यासारखा आहे. दोन डोसनंतर पहिल्या दोन-अडीच महिन्यांत लागणीपासून संरक्षण ८५ टक्के होतं, साधारण सहा-सात महिन्यांनी ते ५१ वर आलं. ज्यांना आधी आजार होऊन गेला आणि नंतर लसही घेतली, त्यांचं संरक्षण मात्र ९० टक्क्यांच्या वर राहिलं, दीड वर्षानंतरही. हे सगळं ओमिक्रॉनच्या आधीचं.

ओमिक्रॉननं चित्र बदललं. २०२३ च्या सुरुवातीला जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. आजार अधिक लस, अशी दुहेरी प्रतिकारशक्ती असणाऱ्यांचं वर्षभरानंतर गंभीर आजारापासून संरक्षण ९७ टक्के, पण पुन्हा लागण होण्यापासून फक्त ४२ टक्के. म्हणजे आज आपल्यापैकी जवळपास सगळे लोक आयसीयूपासून चांगले सुरक्षित आहेत आणि सर्दीतापाच्या कोविडपासून फारसे नाहीत. आणि सर्दीतापाचा कोविड अंगावर काढून कामावर आलेला माणूस डायलिसिसवाल्या, केमोवाल्या, सत्तरीतल्या दमेकऱ्यापर्यंत तो पोचवू शकतो. त्या पेशंटचं कवच आपल्याइतकं मजबूत नसतं.

त्यामुळे तुमचा कापला जाणारा दिवस हा लसीइतकाच वैद्यकीय विषय आहे. मी हे गेली तीन वर्षं मासिक सभेत बोलतोय. आजारपणाची पगारी रजा नसेल तर कंत्राटी माणूस ताप लपवणारच, आणि त्याचा दोष मी त्याला देणार नाही.

---

काळी माती | ११ जून, सकाळी ८:००

माफ करा, मी दवाखान्यातला नाही, शेती करतो, पण वाचून राहवलं नाही. आमच्या गावात बेचाळीस वर्षांचा माणूस चालता चालता गेला. सगळे म्हणतात लसीनं. मागच्या वर्षी कोविशिल्ड मुळात ज्यांची, त्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीनं लंडनच्या कोर्टात कबूलही केलं म्हणे की गुठळ्या होतात. मग डॉक्टर लोक हे उघड का बोलत नाहीत? मी भांडायला आलो नाही, मला भीती वाटते. आईला मी स्वतः नेऊन दिली होती.

---

खारपाणपट्टा | ११ जून, दुपारी १:४०

भाऊ, बरं झालं विचारलंत.

गुठळ्यांची गोष्ट खरी आहे आणि ती कोर्टाच्या खूप आधी, २०२१ मध्येच जाहीर झालेली आहे. कोविशिल्ड ज्या प्रकारची लस आहे, तिच्यानंतर क्वचित रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट घटतात. भारताच्या समितीनं १७ मे २०२१ ला आकडा दिला होता: दहा लाख डोसमागे ०.६१. युरोपात तो याहून बराच जास्त होता, तरुणांत तर पन्नास हजारांत एक असा. पण हा त्रास होतो तो डोसनंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत. आईंना डोस देऊन चार वर्षं झाली असतील, तर या कारणासाठी आता काळजी करू नका.

अचानक मृत्यूंवर आयसीएमआरनं वेगळा अभ्यास केला, देशातल्या ४७ रुग्णालयांतून. वरवर निरोगी असलेले १८ ते ४५ वयाचे ७२९ मृत्यू, आणि तुलनेला तशाच वयाचे, त्याच भागातले २,९१६ जिवंत लोक. लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट निम्म्यावर होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोविडमुळे पूर्वी भरती झालेलं असणं, घरात असाच मृत्यू झालेला असणं, मरणाआधीच्या दोन दिवसांत भरमसाठ दारू किंवा अंगाबाहेरचे कष्ट. तुमच्या गावच्या माणसाचं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण त्याच्या भावांना एकदा बीपी, शुगर आणि ईसीजी करून घ्यायला नक्की सांगा. ते ग्रामीण रुग्णालयात होतं.

---

काळी माती | ११ जून, दुपारी ४:२०

धन्यवाद साहेब. त्याच्या भावाला उद्या घेऊन जातो.

---

सेवाग्रामची | ११ जून, रात्री ८:३०

मी वर्धा जिल्ह्यात नर्स आहे. दोन दिवस वाचत होते. लागण होते कुठे, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कोविड वॉर्डात आम्ही पीपीई किट (अंगभर झाकणारा पोशाख) घालून होतो. एप्रिल-मे २०२१, बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा, आत प्लास्टिकचा किट. सहा तासांनी किट काढताना हातमोज्यांतून घाम अक्षरशः ओतला जायचा, चष्म्याच्या कडेनं धारा लागायच्या. काढायचा क्रम भिंतीवर लिहिलेला असायचा, पण जीव एवढा कासावीस झालेला की मास्क सगळ्यात शेवटी काढायचा हे माहीत असूनही हात आधी तिकडेच जायचा. आणि मग आम्ही जायचो चहाच्या खोलीत. बारा बाय दहाची खोली, खिडकी बंद, सहाजणी, डबे उघडलेले, मास्क गळ्यात. माझ्या बॅचच्या बहुतेकींना लागण तिथूनच झाली असं माझं ठाम मत आहे. पेशंटजवळ सगळ्या सावध असतात, मैत्रिणीजवळ कोणी नसतं.

दुसरी गोष्ट कूलरची. आपल्या विदर्भात कूलरशिवाय वॉर्ड चालत नाही. तो खिडकीच्या बाहेर बसवला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली, तर बाहेरची ताजी हवा आत येते आणि आतली निघून जाते. कोविडच्या काळात एसीपेक्षा हे चांगलं, कारण साधा एसी तीच हवा खोलीत फिरवत राहतो. पण अनेक ठिकाणी कूलर वॉर्डाच्या आत, कोपऱ्यात उभा केलेला असतो आणि गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या असतात. मग एका खाटेवरचा खोकला सगळ्या वॉर्डात. यात पैसा लागत नाही, एक सुतार आणि एक लोखंडी स्टँड पुरतो. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी २०२१ मध्ये हट्टानं सगळे कूलर बाहेर काढले, चहाची खोली बंद करून व्हरांड्यात बाक टाकले. मी त्यांची आजही ऋणी आहे.

---

मेडशीकर | ११ जून, रात्री ९:०५

बायको म्हणते, लसीकरणाच्या खोलीचंही तसंच करा. बाया लेकरं घेऊन तासभर तिथंच बसतात.

---

वाघाडीकाठ | १२ जून, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मामांशी बोलले. वेल्लोरचे चार आकडे दाखवले, आशाताईंची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे ताप आला तं लसीवर भरोसा ठेवून पेशंटजवळ याचं नाई, असंच न?" मी म्हटलं, असंच.

उद्या अधीक्षक साहेबांसमोर विषय मांडतेय. कूलर बाहेर आणि चहा व्हरांड्यात, हे दोन्ही लगेच होईल. रजेचं अवघड आहे. किती दिवस मागायची, डॉक्टरसाहेब? आणि कुणाकुणासाठी?

---

खारपाणपट्टा | १२ जून, रात्री ११:५०

जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या सूचनेत पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नको, असं होतं. ते धरून चला. माणसं कमीच पडत असतील तर निदान ताप-खोकला असलेल्याला लेबर रूम, डायलिसिस आणि नवजात कक्षातून दूर ठेवा, आणि परतल्यावर काही दिवस एन-९५ लावूनच काम द्या. अर्जात "लक्षणं असल्यास" असं लिहा, "पॉझिटिव्ह असल्यास" नको. रिपोर्टची अट घातली की टेस्ट टाळली जाते, ते वणीच्या दादांनी सांगितलंच आहे. आणि कंत्राटी माणसाचा दिवस कापू नये, हे वाक्य वेगळ्या परिच्छेदात घाला, म्हणजे वरचे ते गाळू शकणार नाहीत.

---

वणीचा गाडीवाला | १३ जून, सकाळी ६:४५

सिस्टर, यादी करताना सफाईवाल्या मावश्या, धोबी आणि किचनवाले विसरू नका. त्यांची नावं दवाखान्याच्या हजेरीत नसतात, ठेकेदाराच्या वहीत असतात. ती वही मागून घ्या.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून, सकाळी ८:१०

आणि स्टोअरमधले अँटिजेन किट काढाल तेव्हा खोक्यावरची मुदत पाहा. आमच्याकडचा निम्मा साठा कधीच संपलेल्या तारखेचा निघाला. नवीन मागणी आजच टाका, पोचायला वेळ लागतो.

---

वाघाडीकाठ | १३ जून, दुपारी २:३०

वही मिळाली. त्यातली अकरा नावं आमच्या कुठल्याच यादीत नव्हती, अर्जाला जोडली. किटची मागणीही टाकली. साहेबांनी अर्ज जिल्ह्याला पाठवलाय, उत्तर आलं की इथेच लिहिते.